स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया की ब्रा आणि व्यायाम?

धाकट्या जावेचा प्रश्न: मान-खांदे भरून येतात, ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ पडलेत, उन्हाळ्यात स्तनांखालचं पुरळ चिघळतं. ऑपरेशन करू, की व्यायामावर भागेल?

दुखणं: नीट मापाच्या, रुंद पट्ट्यांच्या ब्रानं आणि फिजिओथेरपीनं आराम पडतो, पण भार तसाच राहतो. शस्त्रक्रियेत भारच उतरतो, म्हणून कित्येक वर्षांनंतरही बहुतेक जणी समाधानी असतात. 2009 साली आलेल्या ब्रेस्ट-क्यू प्रश्नावलीमुळे हे समाधान बाईच्याच उत्तरांवरून मोजता येऊ लागलं.

व्रण: स्तनाग्राभोवती, तिथून खाली उभा आणि बरेचदा स्तनाखालच्या घडीत आडवा. फिकट होतात, जात नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजणं अवघड जाऊ शकतं. सर्जननं हे आधीच मोकळेपणानं सांगायला हवं, नाहीतर खंत राहते. ब्रा-व्यायामात यातलं काहीच नाही.

खर्च: ब्रा-व्यायाम अर्थातच स्वस्त.

टिकाऊपणा: वजन वाढलं किंवा दिवस राहिले, तर ऑपरेशननंतरही आकार बदलतो.

म्हणून मूल हवं असेल किंवा वजन अजून उतरत असेल, तर सध्या ब्रा-व्यायाम. वजन स्थिर आहे, पाजणं आटोपलंय आणि तरी रोज दुखतं, तिनं प्लास्टिक सर्जनला जरूर भेटावं.