सहा दागिन्यांची पेटी: एका गाठवणारीचा अभिप्राय

मणी ओवणं आणि दागिने गाठवणं हे माझं तीस वर्षांचं काम. भाचीने “मावशी, ही तुझ्यासाठीच” म्हणून ही पेटी पाठवली, तेव्हा मी आतली माहितीची कार्डं बाजूला ठेवली आणि आधी एकेक वस्तू उलटी करून पाहिली. दोरा कसला आहे, गाठ कुठे दडवली आहे, कडीचा टाका भरला आहे की नुसताच टेकवला आहे. दागिना किती मनापासून घडवलाय ते त्याच्या पाठीवर कळतं.

पेटीत सहा प्रतिकृती आहेत: चिनी बाळाचं कुलूप, आयर्लंडची क्लाडा अंगठी, प्राचीन रोमचा बुल्ला, न्यूझीलंडच्या माओरींचा हेइ-तिकी (माणसाच्या आकाराचं गळ्यातलं लोलक), दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांची मण्यांची पट्टी आणि व्हिक्टोरियाच्या काळातला इंग्लंडचा शोकाचा काळा गळसर. या अस्सल नव्हेत, प्रतिकृती आहेत, असं विक्रेत्याने झाकणावरच लिहिलंय. तो प्रामाणिकपणा मला आवडला. प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड आहे आणि माझी तक्रार आहे ती या कार्डांबद्दल.

कुलूप मात्र सगळ्या बाजूंनी छान जमलंय. मुलामा एकसारखा आहे, साखळीच्या कड्या बंद आहेत, कडा बाळाला टोचणार नाहीत इतक्या घासलेल्या आहेत. चीनमध्ये असं कुलूप बाळाच्या गळ्यात घालत, म्हणजे त्याचा जीव या जगाला कुलूपबंद राहील, निसटून जाणार नाही. शंभर घरांतून थोडे थोडे पैसे मागून आणून त्यातून कुलूप घडवण्याचीही रीत होती. एका लेकराच्या आयुष्यासाठी शंभर उंबरठे. कार्डावर हे सगळं नीट सांगितलंय आणि ते वाचून मी बराच वेळ कुलूप हातात धरून बसले होते.

बाकीची पाच कार्डं लिहिणाऱ्याने घाई केली आहे.

क्लाडाचंच घ्या. दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट. कार्ड म्हणतं: मैत्री, प्रेम, निष्ठा. बरोबर आहे, पण ही तर अर्धीच गोष्ट झाली. गॉलवेजवळच्या कोळ्यांच्या वस्तीचं नाव मिळालेली ही अंगठी बोलते ती घालण्याच्या पद्धतीतून. उजव्या हातात, हृदयाचं टोक बोटाच्या टोकाकडे: मन मोकळं आहे. त्याच हातात टोक मनगटाकडे वळलं की मन कुणाला तरी दिलंय. डाव्या हातात, टोक मनगटाकडे: लग्न झालंय. अंगठी तीच, सोनं तेच, पण बोटावर फिरवली की माणसाची सगळी हकीकत बदलते. कार्डावर हाताचा उल्लेखसुद्धा नाही. घेणारा कोणत्याही बोटात, कशीही घालणार आणि आपण काय सांगतोय हे त्याला कळणारही नाही.

बुल्लाचीही तीच गत. रोमन मुलगे लहानपणापासून तो गळ्यात घालत. दोन फुगीर तबकड्या जोडलेल्या, मधल्या पोकळीत ताईत. पेटीतला बुल्ला भरीव ओतीव आहे, आत काही मावतच नाही! हा दोष मला मोठा वाटतो, कारण पोकळी नसेल तर तो नुसता पदक. कार्ड फक्त ‘संरक्षक’ म्हणून मोकळं होतं. मुलगा वयात येऊन मोठ्यांचा टोगा अंगावर घेई, त्या दिवशी तो बुल्ला उतरवून घरच्या देवांना, लारेसना, अर्पण करी. दागिन्याचा सगळ्यात मोठा दिवस तो उतरवण्याचा.

हेइ-तिकी राळेचा आहे, साच्याची शिवण कडेला दिसते. मूळ वस्तू पौनामु या हिरव्या दगडाची. धातूची हत्यारं नसताना तो दगड वाळूखडकावर पाण्याने घासत घासत आकाराला आणत. किती महिने, किती हात लागत असतील! ज्यांनी ज्यांनी तो घातला त्यांचं मोठेपण त्यात साठत जातं, म्हणून तो घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो, काहींना स्वतःचं नावही असतं. १९९७ मध्ये न्यूझीलंडने कायदा करून नैसर्गिक पौनामुची मालकी नगाई ताहू या माओरी जमातीकडे परत दिली. आणि आमच्या कार्डावर काय, तर ‘घातल्याने नशीब उजळतं’. मी तो गळ्यात घातला नाही. तो कुणीतरी द्यायचा असतो.

काळा गळसर काचेचा आहे, हातात घेताच कळलं, थंड आणि जड. खरा जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं लाकूड. तो हलका लागतो, त्वचेला ऊब देतो. १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट गेले, राणीने उरलेली चाळीस वर्षं काळं सोडलं नाही आणि इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या जेटला देशभर मागणी आली. काचही तेव्हा वापरत, म्हणून याला खोटं म्हणणार नाही. फक्त कार्डावर ‘काच’ असं लिहायला हवं होतं.

आता झुलू पट्टी, माझ्या जिव्हाळ्याची. ही मण्यांची पत्रं, मुली प्रियकराला देत. कार्डावर रंगांचा तक्ता दिलाय, तांबडा म्हणजे अमुक, पांढरा म्हणजे तमुक. पण शेजारी कोणता रंग बसला यावर अर्थ पालटतो, प्रांताप्रांतातही पालटतो. या पट्टीत रंग यंत्राने पडतील तसे पडलेत, म्हणजे पत्र आहे पण वाक्य नाही. वर नायलॉनचा दोरा, गाठी सुटायला आलेल्या. मी ती उसवली आणि सुती दोऱ्यावर पुन्हा ओवली. ओवताना ब्लॉम्बोसची आठवण आली. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे ४१ भोक पाडलेले शंख सापडले आणि वापराने झिजल्याच्या खुणा त्यांच्यावर अजून आहेत. कुणीतरी ते ओवून रोज घालत होतं. दोरा कधीच गेला, त्याचं घासणं राहिलं.

पेटीत एक गोष्ट मला हवी होती: लोखंडी अंगठी. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या बायकांनी आपलं सोनं दिलं आणि बदल्यात लोखंडाचे दागिने घेतले, ‘सोनं दिलं लोखंडासाठी’ अशा शब्दांचे. त्यानंतर सोनं घालून मिरवणारीकडेच लोक वळून बघत असतील.

शाळेत दाखवायला, मुलांच्या हातात द्यायला ही पेटी जरूर घ्या, पण कार्डं आधी स्वतः वाचून घ्या आणि राहिलेलं तोंडी सांगा. विक्रेत्याला मी तीन गोष्टी कळवल्या आहेत: बुल्ला पोकळ करा, पट्टीला सुती दोरा वापरा आणि क्लाडाच्या कार्डावर दोन हातांचं चित्र छापा.