चौथीपर्यंतच्या शाळेत स्टेमचा तास : जून ते मार्च वापरून झाल्यावर

नाशिकहून गिरणारेकडे जाताना द्राक्षबागांच्या मधोमध आमची पहिली ते चौथीची शाळा आहे. पट ४३, शिक्षक आम्ही दोघं. गेल्या जूनमध्ये लोकवर्गणीतून १८ हजार रुपये जमले आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित (इंग्रजी आद्याक्षरांनी स्टेम) हे एकत्र हाताळायचा तास आम्ही सुरू केला. शाळेत हातानं वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा देणारी केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना सहावी ते बारावीसाठी आहे, म्हणजे आमच्यासारख्या शाळांना जे काही करायचं ते आपलं आपणच जुळवावं लागतं. तुम्हीही जुळवाजुळव करत असाल तर आमच्याकडे काय टिकलं आणि काय नाही ते उपयोगी पडेल.

सर्वांत जास्त पैसे, ११ हजार, तयार किटांच्या चार खोक्यांत गेले. दिवाळीपर्यंत त्यातली दोन बंद पडली. मोटरच्या तारा सांध्यातून तुटल्या. प्लास्टिकच्या खुंट्या इतक्या घट्ट की लहान मुलं दातांनी ओढायची, त्या तडकल्या. सुटे भाग मागितले तर पूर्ण संच घ्या म्हणाले. पुस्तिका इंग्रजीत. दातेरी चाकं मात्र उत्तम आहेत, ती अजून रोज बाहेर निघतात. पण पुन्हा हे किट घेणार नाही. तुटेल या धास्तीनं मी स्वतःच वर्गभर "हळू, हळू" करत फिरत होते आणि मुलं हात आखडता घेत होती, हे मला सर्वांत जास्त लागलं.

उरलेल्या पैशांत जे आणलं त्यानं वर्ष तारलं. नाशिकच्या भद्रकालीतल्या सायकलच्या दुकानातून व्हॉल ट्यूब आणली, व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे, दोन्ही बाजूंनी गूल मोडलेल्या आगकाड्या खुपसायच्या, की सांधा तयार. तिसरी काडी जोडायची तर तुकड्याला बाभळीच्या काट्यानं आरपार भोक पाडून त्यातून दुसरा तुकडा ओवायचा. ही युक्ती खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात असतानाची. दुसरीच्या मुलांनी चौकोन केला, तो बोट लावताच कलला. त्रिकोण कलेना. मी काहीच सांगितलं नाही. आठवडाभरानं एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या बागेत शेवटच्या अँगलला तार ताणून जमिनीत गाडलेली असती, तो पण तिरकोनच झाला ना?" तो अख्खा तास आम्ही शेजारच्या बागेत काढला. अँगल (मांडवाचा लोखंडी खांब), तार आणि जमीन, तिन्ही बाजू मुलांनी हातानं दाखवल्या.

फोल्डस्कोप हा कागदाचा सूक्ष्मदर्शक, मनु प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेत तयार झालेला, सुमारे १४० पट मोठं दाखवतो. आम्ही दोन घेतले. पहिली-दुसरीला ते झेपले नाहीत, एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघणंच त्यांना जमत नाही. चुंबकानं मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटवल्यावर मात्र सगळ्यांना दिसायला लागलं. तिसरी-चौथीनं आधी कांद्याचा पापुद्रा पाहिला. जानेवारीत एक जण घरच्या बागेतलं भुरी (द्राक्षावरचा रोग) पडलेलं पान घेऊन आला. पानावर पारदर्शक चिकटपट्टी दाबली, उचलली आणि तीच काचेच्या जागी बसवली. पांढऱ्या पिठासारखं जे दिसत होतं त्यात मण्यांच्या माळेसारखे एकाला एक लागलेले लांबट दाणे निघाले. बुरशीचे बीजाणू. संध्याकाळी त्याचे वडील पान घेऊन स्वतः आले, गोडी छाटणीपासून (फळासाठी द्राक्षवेल छाटतात ती) किती वेळा गंधक मारलं ते सांगत मोबाइलच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. फोल्डस्कोप घ्या, पण लेन्सला धूळ लागू देऊ नका, आणि एक जास्तीचा ठेवा.

आता ज्याला जवळजवळ काहीच खर्च आला नाही ते. अंगणात एक मीटर उंचीची काठी रोवायची आणि तिची दुपारची सावली मोजायची. स्टेमचा तास शनिवारी, पण त्या दिवशी आमची सकाळची शाळा, तेव्हा हा उद्योग मधल्या सुट्टीला जोडून इतर वारी केला. पहिल्या महिन्यातले आकडे वाया गेले, कारण काठी जराशी कललेली होती. एका मुलाचे वडील गवंडी आहेत, ते ओळंबा घेऊन आले आणि काठी सरळ करून गेले. तेव्हापासून चौथीची मुलं ओळंबा लावल्याशिवाय मोजत नाहीत.

डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपास आम्ही पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करत बसलो. बारा वाजले. सगळ्यांना वाटलं, आता सर्वांत लहान सावली. एकानं ओरडून सांगितलं, "बाई, अजून कमीच होऊन राहिली!" साडेबाराच्या पुढे दोन-चार मिनिटांनी ती थांबली, ९५ सेंटिमीटरच्या जवळ. नेमका क्षण पकडता येत नाही, तेव्हा सावली हलल्यासारखी वाटतच नाही, आणि त्यावरून गटागटांत बरीच वादावादी झाली. मग घड्याळ चुकतं की सूर्य, हा प्रश्न आला. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं, नाशिक ७३.८ अंशाच्या आसपास. फरक जवळपास पावणेनऊ अंश, दर अंशाला चार मिनिटं. चौथीनं गुणाकार करून ३५ मिनिटं काढली आणि आपल्या खुणांशी ताडून पाहिली. मी १४ वर्षं गुणाकार शिकवतेय, उत्तर आल्यावर मुलं अंगणाकडे धावली असं पहिल्यांदाच झालं.

वेळापत्रकाचं एक सांगायलाच हवं. पहिले दोन महिने "वेळ मिळाला की" असं ठेवलं होतं, तर वेळ कधी मिळालाच नाही. ऑगस्टपासून शनिवारचे दोन तास पक्के केले आणि मगच गाडी रुळावर आली. दोन शिक्षकी शाळेत एक जण बैठकीला गेला की दुसऱ्यावर चारही वर्ग येतात, त्या दिवशी चौथीची मुलं पहिलीला सांधे करायला बसवतात.

२० मार्चला तीच काठी, तीच मुलं, सावली ३६ सेंटिमीटर. सूर्य इतका वर कसा आला, मग तो डोक्यावर कधी येतो, असं विचारायला लागली. नाशिकला तो २० मेच्या आसपास दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा सुट्टी. परत येतो तो जुलैच्या चौथ्या आठवड्यात, तेव्हा बहुतेक ढग. सुट्टीत शाळेला कुलूप असतं म्हणून तीन घरांच्या अंगणात आत्तापासून काठ्या रोवल्या आहेत. ओळंबा एकच आहे, तो कोणाकडे राहणार हे अजून ठरत नाहीये.