पांढरा धूर आणि कमी होणारं कूलंट: प्रेशर टेस्टर व ब्लॉक टेस्टर काही महिने वापरल्यावर

जुन्या पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसला की ‘हेड गॅस्केट गेलं’ हा निकाल लगेच ऐकू येतो. हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सांधपट्टी. हेड उतरवणं हे मोठं काम. ते नुसत्या अंदाजावर काढायचं नव्हतं, म्हणून मी दोन साधनं घेतली: रेडिएटरच्या तोंडावर बसणारा हातपंपाचा प्रेशर टेस्टर आणि निळ्या द्रवाचा ब्लॉक टेस्टर. माझ्या आणि मित्रांच्या गाड्यांवर ती कित्येक महिने वापरतोय. दोन्ही कामाची आहेत, पण एकच घ्यायचं झालं तर प्रेशर टेस्टर घ्या.

कुठलंही साधन लावण्याआधी धूर नीट बघा. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच, एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर. थंड हवेत त्याची वाफ दिसते, सायलेन्सरच्या तोंडातून थेंब गळतात, आणि पाइप तापला की सगळं थांबतं. हा बिघाड नव्हे. गाडी रोज जवळच्या जवळ फिरत असेल तर ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर, दुधाळ साय जमते, तीही बहुतेक वेळा याच दमटपणाची. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ दिसलं तर मात्र इंजिन चालू करू नका. निळसर झाक असलेला, हवेत रेंगाळणारा धूर ऑइलचा असतो. वाफ चटकन विरते. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरं येत राहिलं, गोडसर वास आला आणि बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) उतरत गेलं, तर तपासाला लागा. बाटलीवर थंड इंजिनाच्या पातळीची मार्करने रेघ मारून ठेवा. आठवणीवर विसंबू नका.

माझ्या गाडीची लक्षणं अशी होती: सकाळी पहिल्या सेल्फला क्षणभर मिसिंग (इंजिनाचे झटके), पाठोपाठ पांढरा लोट, मग दिवसभर काहीच नाही. कूलंट मात्र हळूहळू कमी होत होतं आणि खाली कुठेही डाग नव्हता.

ब्लॉक टेस्टरचं तत्त्व सुरेख आहे. गॅस्केटमधून जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातला कार्बन डायऑक्साइड रेडिएटरच्या वरच्या मोकळ्या जागेत जमतो. रबरी फुगा दाबून ती हवा द्रवातून ओढली की निळा रंग पिवळा होतो. द्रव चांगला आहे का ते बघायला त्यात आपला उच्छ्वास सोडायचा, त्यानेही रंग बदलतो. म्हणूनच बंद गॅरेजमध्ये, स्वतःच्याच गाडीच्या धुरात उभं राहून केलेल्या चाचणीला अर्थ नाही. कॅप थंड इंजिनावर काढायची, पातळी थोडी खाली घ्यायची आणि मगच इंजिन तापू द्यायचं. कूलंट नळीत चढलं तर तो द्रव गेला.

माझ्या गाडीवर द्रव निळाच राहिला. परत केलं, तरी निळाच.

प्रेशर टेस्टरने उत्तर दिलं. इंजिन पूर्ण थंड असताना तो बसवला आणि कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरली. बऱ्याच गाड्यांना तो 0.9 किंवा 1.1 बार असतो. त्यापुढे जाऊ नका, जुना रेडिएटर किंवा हीटरची कोर फुटू शकते. काटा पहिली काही मिनिटं हललाच नाही. मग केसभर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. होज, वॉटर पंप, पायाखालचं कार्पेट, सगळं कोरडं. दाब तसाच ठेवून रात्र जाऊ दिली आणि सकाळी स्पार्क प्लग काढले. तीन प्लग नेहमीसारखे तपकिरी होते. तिसऱ्या सिलिंडरचा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ, टोकाला ओल. प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारला तेव्हा त्या भोकातून बारीक फवारा आला. हे करताना इग्निशन आणि इंजेक्टरची जोडणी काढून ठेवा आणि तोंड भोकावर आणू नका.

दोन साधनांनी वेगळं का सांगितलं, हे समजून घेण्यासारखं आहे. इंजिन चालू असताना सिलिंडरमधला दाब कूलंटपेक्षा कितीतरी जास्त असतो, पण फट बारीक असली तर आयडलवर (गाडी उभी, इंजिन संथ चालू) त्यातून वायू जेमतेम निसटतो. गाडी बंद केली की उलटं होतं: सिलिंडर मोकळा, कूलंट अजून दाबाखाली, आणि ते झिरपत आत उतरतं. सकाळचं मिसिंग आणि तो लोट त्याचाच. प्रेशर टेस्टर नेमकी हीच स्थिती उभी करतो. त्यामुळे पिवळा रंग हा पुरावा मानावा, निळा रंग म्हणजे निर्दोष असं मानू नये.

हेड उतरवल्यावर गॅस्केट तिसऱ्या सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमध्येच खाल्लेलं निघालं. मेकॅनिकने हेडवर सरळपट्टी ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक तपासला. हे करून घेतल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका. आता बाटलीतलं कूलंट रेघेवर टिकून आहे.

एका मित्राला मात्र याच साधनांनी हेड उतरवण्यापासून वाचवलं. गॅरेजने काम ठरवून टाकलं होतं. काटा तासभर जागचा हलला नाही, द्रव निळा राहिला, कूलंटची पातळीही तीच. नुसती वाफ होती. डिझेल गाडीवर ही गल्लत जास्त होते. तिथे थंड इंजिनातला, डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो. आधी ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे) आणि इंजेक्टर बघा.

तक्रारी दोन. प्रेशर टेस्टरबरोबरचे अडॅप्टर सगळ्या गाड्यांना बसत नाहीत, आणि नीट न बसलेल्या अडॅप्टरमधूनच दाब उतरला तर निकाल साफ चुकतो, म्हणून सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. ब्लॉक टेस्टरच्या फुग्याचं रबर काही महिन्यांतच कडक व्हायला लागलंय. वापरण्याआधी नळीचं तोंड बोटाने बंद करून फुगा दाबा, सोडल्यावर तो चपटाच राहिला तर हवा कुठून शिरत नाही हे कळतं. आणि काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल त्यांचा जीव घेतं.