पायातून 'विष' काढायचे २३,०९९ रुपये

शरीरातलं 'विष' काढून देणाऱ्या शिबिरात माझे किती गेले, तो आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भेटेल तो तेच विचारतो. नोंदणी १००, 'बॉडी स्कॅन' ४९९, पाय बुडवायच्या बारा बैठकींचं पॅकेज ७,२००, चूर्ण-ज्यूस-कॅप्सूलचा किट ११,८०० आणि वर 'लिव्हर फ्लश' ३,५००. एकूण २३,०९९. नंतर रक्ततपासणी आणि डॉक्टर झाले ते वेगळे, पण ते निदान सत्कारणी लागले.

शिबिरं कशी भरतात ते तुम्हाला सांगायला नको. पेपरात घातलेलं पॅम्फ्लेट, कॉलनीतला हॉल, 'निःशुल्क' हे मोठ्या अक्षरात आणि पांढरे कोट घातलेली पोरं. फरक एवढाच की टेबलामागचा मुलगा मराठीत बोलला. "बसा ना काका, मी जळगावचा." इंदुरात आपल्या माणसाला एवढं पुरतं. माईकवरचा दुसरा त्याच्याही वरचढ. "सन सत्रह से अपना इंदौर सफाई में नंबर वन! और आपके अंदर का कचरा कौन उठाएगा?" हॉल हसला. रोज सकाळी ओला-सुका वेगळा करून गाडीत टाकणाऱ्या माणसाला हे चटकन पटतं हो. त्यात माझ्या सोनोग्राफीत नुकतंच 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' आलेलं. आमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत "वजन उतरवा" म्हणून वाटेला लावलं होतं. इथे मुलाने अर्धा तास माझा हात हातात धरून ऐकून घेतलं. तुम्ही काय केलं असतंत?

स्कॅन म्हणजे हातात धातूची कांडी धरायची. वय, उंची, वजन आधीच विचारून कॉम्प्युटरमध्ये भरलेलं असतं. मिनिटभरात पानंच्या पानं रिपोर्ट येतो आणि त्यात सगळ्यांचंच लिव्हर 'मॉडरेट' खराब असतं. रक्ताचा थेंब न घेता, सोनोग्राफी न करता कोणी तुमचं लिव्हर सांगत असेल तर चपला घाला आणि घरी जा.

आता ते टब. रात्री झोप लागत नाही ती यावरून. कोमट पाणी, मूठभर मीठ, मध्ये धातूची गुंडाळी, तिला वायर. भिंतीवर रंगांचा तक्ता: तपकिरी म्हणजे लिव्हर, नारिंगी म्हणजे सांधे, हिरवं म्हणजे पित्ताशय. मी माझ्या पाण्याकडे कौतुकाने बघत होतो, ते चहासारखं होत चाललेलं. शेजारच्या टबाचं बटण पोराने दाबून ठेवलं होतं आणि बसणाऱ्या बाई अजून मोजे काढत होत्या. टबात कोणाचेच पाय नाहीत, तरी गुंडाळीभोवती तपकिरी धूर निघावा तसं पाणी रंगायला लागलं. मला दिसलं. मी विचारलंही. तो म्हणाला, "काका, आधीच्या पेशंटचं निगेटिव्ह कॉइलमध्ये राहतं." आणि मी मान डोलावली. मान डोलावली!

मिठाच्या पाण्यात लोखंडातून करंट सोडला की लोखंड गंजतं, पाणी तांबडं होतं. पाय असोत नसोत. आता नातेवाईक खवचटपणे म्हणतात, "तुम्ही तर वीज मंडळात होतात ना?" होतो. बिलिंगला. तिथे इलेक्ट्रोड नसतात, थकबाकी असते.

लिव्हर फ्लश त्याहून भयंकर. रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस, आधी एप्सम सॉल्ट, म्हणजे जुलाबाचं मीठ. सकाळी हिरवट मऊ गोळ्या पडतात, त्याचे फोटो शिबिराच्या ग्रुपवर टाकून 'पित्ताचे खडे निघाले' म्हणून टाळ्या. माझ्या सोनोग्राफीत एकही खडा नव्हता! २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका बाईंच्या 'खड्यां'च्या तपासणीबद्दल छापून आलं होतं: खऱ्या पित्तखड्यांत असतं ते कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन नाही, कॅल्शियम नाही. तेल आणि लिंबाच्या रसापासून पोटात तयार झालेला साबणच तो. आणि हे सगळं बीपीची गोळी 'बॉडी क्लीन होईपर्यंत' बंद ठेवायला लावून. जुलाबांनी जीव मेटाकुटीला आला, न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन बसलो. सौ.ने धरलं म्हणून डोकं फुटलं नाही. चालू गोळी कोणी पांढऱ्या कोटातला बंद करायला सांगेल, तर आधी त्याचा नोंदणी क्रमांक मागा.

डॉक्टर ओरडले नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं. लिव्हर चोवीस तास हेच काम करतं, म्हणाले, आणि मूत्रपिंडं रक्तातून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. तुम्ही त्यांच्या वाटेत येऊ नका म्हणजे झालं. वेळेवर झोप, रोज चालणं, दारू असेल तर बंद, शेव आणि गोड हात राखून, डाळी-भाज्या-फळं भरपूर, तहान लागेल तसं पाणी. वजन पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते. माझं ८२ किलो, म्हणजे चार किलो. याला २३,०९९ लागत नाहीत. आणि 'हर्बल आहे, अपाय नाही' हे तर डोक्यातून काढूनच टाका; रक्तात एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढतो तो) वाढलेला बघून त्यांनी पहिला प्रश्न त्या कॅप्सूलचाच विचारला.

आता तक्रारीचं पुराण. पोलीस ठाण्यात हवालदाराने पावती उलटसुलट बघितली. तीवर 'सहयोग राशि' छापलेलं, ते मी तेव्हा वाचलंच नव्हतं, कोण वाचतो? "दान दिया है आपने, अंकल. स्वेच्छा से. इसमें अपराध क्या बना?" क्यूआरवर पैसे गेले ते भलत्याच बाईच्या नावावर, तेही दाखवलं. म्हणे ओटीपी कोणी चोरला नाही ना, मग सायबर नाही. एका कचेरीत सांगितलं, हे औषध नव्हे, खाद्य आहे, तिकडे जा. तिकडे म्हणाले, टबात पाय बुडवणं खाद्य आहे का? डब्यावरचा एफएसएसएआय नंबर, म्हणजे खाद्यपदार्थांचा सरकारी परवाना क्रमांक, मोजून दाखवला. चौदा आकडे हवेत, तेरा होते. "प्रिंटिंग मिस्टेक होगी." प्रिंटिंग मिस्टेक! मधुमेह, रक्तदाब यांसारखे आजार बरे करण्याच्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, पॅम्फ्लेटवर ठळक अक्षरात 'शुगर-बीपी जड़ से'. झेरॉक्स घेतली, आवक क्रमांक दिला, चहाही विचारला. नंतर मोबाइलवर मेसेज: शिकायत का निराकरण कर दिया गया है. जाऊन विचारलं तर उत्तर काय, तर 'संबंधित स्थळी शिबिर आढळून आले नाही'. अहो, कसं आढळेल? शिबिर उठून गेलं म्हणून तर मी तुमच्याकडे आलो! आमच्या पेन्शनमधून कापलेल्या करावर ही खुर्ची चालते.

पॅम्फ्लेट आता देवासला वाटतायत, भाचीने फोटो पाठवला. हॉल दुसरा, तक्ता तोच, वर मात्र 'मधुमेह मुक्ती' जोडलंय.

मी ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत लावावी लागते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर काय कागद लागतात ते कळतं. लाजेपोटी पावत्या फाडू नका, डबे फेकू नका, ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट साठवा. आमच्याच हॉलमधले निदान दहा-बारा जण मला चेहऱ्याने आठवतात. भाजीबाजारात दिसले की तोंड फिरवतात. पाच-सहा पावत्या जरी एकत्र झाल्या तरी 'दान' म्हणून उडवून लावणं त्यांना जड जाईल.