१८२७ चं रेग्युलेशन ८, म्हणजे कोर्टाचा वारस दाखला: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

दाखला कुठे काढायचा, कागद कोणते लागतात, सक्सेशन सर्टिफिकेट (मृताची येणी आणि ठेवी वसूल करायला लागणारा कोर्टाचा दाखला) वेगळं की तेच, हे सगळ्यांना माहीत असतं किंवा पहिल्याच भेटीत वकील सांगतात. ते परत लिहीत नाही. हा कायदा अकरा महिने प्रत्यक्ष वापरल्यावर माझं मत काय झालं, तेवढंच लिहितो. त्यातही अर्जावर हरकती मागवायला कोर्ट काढतं त्या एक महिन्याच्या नोटिशीबद्दल जास्त लिहीन, कारण माझा सगळा राग तिच्यावर होता.

वडील गेल्या वर्षी आषाढात गेले. पुण्यातला फ्लॅट त्यांच्या स्वकष्टाचा, पण नॉमिनेशन केलेलं नव्हतं. शिवाय तालुक्याच्या गावी कुलूपबंद जुनं घर. फ्लॅट आईच्या आणि आमच्या नावावर करायचा म्हणून सोसायटीकडे गेलो, तर उत्तर आलं, ‘कोर्टाचा वारस दाखला आणा.’ सहकारी संस्था कायद्याचं कलम १५४ब-१३ मी वाचून गेलो होतो. मृत सभासदाचा हक्क वर्ग करायला मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला किंवा वारसांनी आपसात केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, यातलं काहीही चालतं असं त्यात आहे. त्याची छापील प्रत दाखवली. सेक्रेटरींनी ती वाचलीही नाही. ‘उद्या कोणी उभं राहिलं तर जबाबदार कोण?’ हे एकच वाक्य त्यांनी तीन वेळा ऐकवलं. दस्तावर काम भागलं असतं तर पंधरा दिवसांत मोकळे झालो असतो. त्याऐवजी वकीलपत्र, स्टॅम्प, तारखा.

अर्जावर ‘मुंबई रेग्युलेशन ८ सन १८२७’ असं वाचलं तेव्हा टायपिंगची चूक वाटली. चूक नव्हती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तोपर्यंत दख्खनचा कमिशनर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १ जानेवारी १८२७ ला त्याच्या सरकारने २७ रेग्युलेशनांचा, म्हणजे कायद्यांचा, संच जारी केला. त्याच वर्षी त्याने गव्हर्नरपद सोडलं. त्या संचातलं फौजदारी रेग्युलेशन १४ दंड संहिता आल्यावर १८६२ मध्ये मागे पडलं. बाकीची बहुतेकही गेली. आठवं मात्र महाराष्ट्रातल्या कोर्टांत रोज वापरलं जातं.

चिडून मूळ मजकूर मिळवला. इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांबलचक आहेत, पण चार-पाच वेळा वाचलं की उलगडतं. आणि पहिल्याच कलमाने मला थक्क केलं. माणूस मालमत्ता ठेवून गेला, तर वारसाने कोर्टाकडे आधी कसलाही अर्ज न करता ती ताब्यात घ्यावी, तिची व्यवस्था पाहावी, वसुलीचा दावाही लावावा, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. दाखला दुसऱ्या कलमात येतो आणि तोही वारसाची इच्छा असेल तरच. कशासाठी? मृताची मालमत्ता ज्यांच्या ताब्यात आहे किंवा जे त्याचं देणं लागतात, त्यांना या वारसाशी निर्धास्तपणे व्यवहार करता यावा म्हणून. म्हणजे दाखला ही वारसाला दिलेली सोय आहे. जवळपास दोनशे वर्षांत तिचा टोलनाका झाला आणि दोष मात्र कायद्यावर आला. माझा अर्धा राग तिथेच सेक्रेटरींकडे वळला.

सातवं कलम तर छापून सोसायटीच्या फलकावर लावावं असं आहे. दाखल्याने मालमत्तेवर कसलाही हक्क मिळत नाही, सध्या कायदेशीर व्यवस्था कोणाच्या हाती आहे एवढंच त्यातून कळतं, आणि ज्याचा हक्क अधिक बळकट असल्याचं सिद्ध होईल त्याच्यासाठी दाखला रद्द होऊ शकतो. दाखला हातात आला म्हणजे मालक झालो असं समजणाऱ्यांनी हे कलम वाचावं.

उरलेला अर्धा राग नोटिशीवर. दुसऱ्याच कलमात आहे की कोर्टाने जाहीरनामा काढावा आणि ज्या कोणाची हरकत असेल त्याला यायला एक महिना द्यावा. मला हा महिना शुद्ध वाया गेलेला वाटत होता. वर्तमानपत्रात नोटीस द्यायला ६,२०० रुपये गेले. कोपऱ्यातला तो चौकोन कोण वाचतं? कायदा झाला तेव्हा मराठीत वर्तमानपत्रच नव्हतं, ‘दर्पण’ निघालं ६ जानेवारी १८३२ ला. तेव्हाच्या माणसाला कळायचं ते कागद चिकटवल्यावर, चारचौघांत बोलणं झाल्यावर. आमची नोटीस कोर्टाच्या बोर्डावर लागली आणि बेलीफने, म्हणजे नोटिसा पोचवणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याने, एक प्रत गावच्या जुन्या घराच्या दाराला चिकटवली. तिथे मी बेलीफच्या जाण्यायेण्याच्या खर्चावरूनही वकिलांशी वाद घातला. त्या दाराकडे वर्षातून दोनदा कोणी फिरकतं, मग कागद कोणासाठी लावायचा, असं मी म्हणालो होतो.

महिना संपायला आठ दिवस असताना फोन आला. दादाच्या मुलीचा.

माझा थोरला भाऊ वडिलांच्या आधी नऊ वर्षं गेला. वहिनीही लवकर गेल्या. पोरगी आजोळी वाढली, आमचं येणंजाणं तुटलं. वकिलांनी ‘वारस कोण कोण?’ विचारलं तेव्हा आम्ही आई, ताई आणि मी अशी तीन नावं दिली. लपवायचं म्हणून नव्हे, ती आमच्या डोक्यातच आली नाही, आणि हे मला जास्त लागतं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आधी वारलेल्या मुलाची मुलगी पहिल्या वर्गातली, म्हणजे बायको-मुलांबरोबरच वाटा मिळणारी, वारस आहे. वाटे तीन नव्हते, चार होते.

गावच्या शेजारच्या काकूंनी दारावरचा कागद वाचला, त्यात नातीचं नाव नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तिच्या मामांना कळवलं. वर्तमानपत्रातला चौकोन कोणीच पाहिला नव्हता.

फोनवर ती एवढंच म्हणाली, ‘काका, माझं नाव राहिलंय का?’ मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी आणि ताई तिच्या आजोळी गेलो. पुढच्या तारखेला तिने हजर होऊन हरकत मांडली, आम्ही संमती दिली, अर्जात दुरुस्ती झाली, पुन्हा प्रतिज्ञापत्रं झाली. त्यात आणखी चार महिने गेले, आणि ते मला जड गेले नाहीत.

म्हणून माझं मत बदललं आहे. मला हवा होता तो पंधरा दिवसांचा रस्ता मिळाला असता, तर तिघांच्या सह्यांनी दस्त झाला असता आणि पोरीला कळलंही नसतं. सेक्रेटरींनी कलम वाचायलाच हवं होतं, यावर मी ठाम आहे. पण तो एक महिना आणि दारावरचा तो कागद यांच्यातून मी आता एक रुपयाही कमी करायला सांगणार नाही. वर्तमानपत्राचा खर्च मात्र अजूनही फुकट गेला असंच वाटतं.

इंग्रजांच्या कारभाराचं कौतुक करायला हे लिहिलेलं नाही. याच संचातलं रेग्युलेशन २५ वापरून १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना खटल्याशिवाय डांबून ठेवलं होतं. पण त्याच संचाच्या चौथ्या रेग्युलेशनात, कायदा नसेल तिथे आधी दावा जिथला त्या मुलखाची वहिवाट पाहा, मग प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक, असा क्रमही घालून दिला आहे. आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने तेव्हा पुण्यातल्या शास्त्रींना आणि जातीजातींच्या पंचांना विचारून दख्खनच्या चालीरीती लिहून काढल्या होत्या. दाराला कागद लावून गावाला विचारायची पद्धत मला त्याच वळणाची वाटते.

करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अर्जात मृताचा शेवटचा पत्ता एवढाच देऊन थांबू नका, जुन्या घराचाही द्या आणि बेलीफला तिथे नक्की पाठवा, भाडं तुम्हाला पडलं तरी. आणि दाखल्याच्या सर्टिफाइड नकला एकदम पाच मागा. मी दोनच घेतल्या होत्या, तिसरीसाठी नक्कल विभागात परत अर्ज करून अठरा दिवस थांबलो. ती तिसरी नक्कल पुतणीला हवी होती.