यूकेच्या केअर व्हिसासाठी पैसे मोजण्याआधी

‘वृद्धाश्रमात केअर वर्करची जागा आहे, नवरा-मुलंही सोबत जातील, दहा-बारा लाख लागतील.’ पुण्यात कुणी असं सांगितलं, की तिथूनच उठा. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करला कुटुंब सोबत नेता येत नाही आणि २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवे अर्जच घेत नाहीत. या कामाच्या व्हिसाची जुलै २०२८ पर्यंतची सवलत आधीपासून तिथे असलेल्यांसाठी आहे. पुण्यातून अर्ज करणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

सगळ्यात जास्त लूट सीओएसच्या, म्हणजे व्हिसासाठी लागणाऱ्या ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’च्या नावाखाली होते. सीओएस म्हणजे शिक्का मारलेला कागद नव्हे. ती मालकाने ब्रिटिश गृहखात्याच्या प्रणालीत केलेली नोंद असते, तिला क्रमांक असतो आणि तीन महिन्यांत ती वापरावी लागते. पीडीएफ कुणीही बनवतं. खऱ्या नोंदीचं शुल्क मालकाने भरायचं. ३१ डिसेंबर २०२४ पासून ते कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. कंपनीचं नाव परदेशातून कामगार आणण्याचा परवाना असलेल्यांच्या ब्रिटिश सरकारी यादीत दिसलं म्हणून नोकरी खरी ठरत नाही, कारण खऱ्या कंपनीच्या नावानेही खोटी पत्रं निघतात. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ईमेल घ्या आणि थेट विचारा. एजंटने दिलेल्या पत्त्यावर नको.

‘कागदावर मॅनेजर दाखवू, काम तेच’ हा सल्ला तर घातकच. खोटी माहिती पकडली गेली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. ती एजंटवर नाही, अर्ज करणाऱ्या मुलीवर येते. नर्सचा रस्ता वेगळा आहे: इंग्रजीची परीक्षा, सीबीटी (संगणकावरची परीक्षा), मग तिथे ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा) आणि एनएमसी या ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेची नोंदणी. नर्सच्या त्या हेल्थ अँड केअर व्हिसाला आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत घेतली जाणारी रक्कम) माफ आहे, तोही कुणी मागितला तर देऊ नका.

भारतात नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी घेता येतो, पावतीसह. त्याचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. स्टॅम्पपेपरवरचा करार नीट वाचा: त्यात नुसतं ‘समुपदेशन व प्रशिक्षण’ लिहिलेलं असेल, तर नोकरी न मिळाल्यावर ‘आम्ही सेवा दिली’ म्हणायला एजंट मोकळा. पतसंस्थेत सोनं गहाण टाकून रोख देणाऱ्या घरांकडे शेवटी पुरावाच उरत नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण पहिल्या काही तासांत खातं गोठवलं जाण्याची शक्यता जास्त असते. रोख दिले असतील तर व्हॉट्सॲपचे मेसेज न पुसता, मूळ पासपोर्ट परत मागून पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या.