किक अडकली: घरीच खटपट, कोपऱ्यावरचा मिस्त्री की सर्व्हिस सेंटर?

बाईकची किक अडकली की माणूस आधी तिच्यावर उभा राहतो. तेवढं करू नका. सेल्फही मारू नका. आतला रॅचेट, म्हणजे किकला इंजिनाशी जोडणारा दातेरी भाग, अडकला असेल तर दाते तुटतात आणि खर्च वाढतो.

चावी बंद ठेवून गाडी टॉप गियरला टाका, क्लच सोडा आणि पुढे-मागे ढकला. अडत अडत का होईना, इंजिन फिरलं तर दोष किकच्या भागात. मागचं चाकच लॉक झालं तर दुखणं इंजिनात.

घरी होण्यासारखं काम एकच: बाहेरचं. गाडी पावसाळाभर उघड्यावर उभी असली की पेडल दुमडतं तो सांधा गंजतो. डिझेल सोडा, तासभर थांबा, हलवून मोकळा करा, ग्रीस भरा. गाडी पडून पेडल फूटरेस्टला घासत असेल तर किक काढून एक दाता सरकवून बसवा. बऱ्याच गाड्यांत बोल्ट नुसता ढिला करून किक निघत नाही, कारण तो शाफ्टच्या खाचेतून जातो. पूर्ण काढावा लागतो. हातोडी नको.

किक खालीच लोंबकळते, वर येत नाही? मग बहुधा स्प्रिंग गेला. त्यासाठी ऑइल काढून क्लच कव्हर उघडावं लागतं. वॉरंटी संपली असेल तर माझं मत सरळ मिस्त्रीकडे. नागपुरात सक्करदरा असो की महाल, ओळखीचा मिस्त्री हे काम बहुतेक त्याच दिवशी करून देतो. फक्त सांगा, “भाऊ, पॅकिंग नवीन टाका, जुना स्प्रिंग मला दाखवा.” पॅकिंग म्हणजे कव्हरच्या सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून बसवलेली पट्टी. जुन्या पॅकिंगवर चिकट बॉन्ड थापला तर बॉन्डचे तुकडे ऑइलमध्ये फिरतात.

वॉरंटीतली गाडी मात्र सर्व्हिस सेंटरलाच, चार दिवस थांबावं लागलं तरी. रॅचेटचं कामही मी तिकडेच देईन. काही मॉडेल्समध्ये त्यासाठी अख्खं इंजिन फाडावं लागतं.

बुडालेल्या गाडीचं वेगळं. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा खालच्या वस्त्यांतल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाडीत पिस्टनवर पाणी साचलेलं असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग काढा, मग किक हातानेच हळू फिरवा. पाण्याऐवजी पेट्रोल उडालं तर कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई गळतेय. ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलं, तर चालू करून बघायच्या भानगडीत न पडता गाडी ढकलतच न्या.